बिनबोलाच्या तीन कॅसेटी

सुगंधाबाईंनी आजवर सोयरिकीआधी मुलाकडच्यांची विहीर पाहिली होती, बैलांचे खांदे पाहिले होते, चुलीमागची भिंत पाहिली होती. एकदा तर मुलाच्या आजोबांची दुपारची झोपसुद्धा पाहिली होती, कारण घोरण्यावरून घराण्याचं मन कळतं असं त्यांचं मत होतं. कॅसेट पाहायची वेळ मात्र त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

दोष सगळा त्या धुळ्याच्या मुलाचा. सुकदेव त्याचं नाव, पाटबंधारे खात्यात कारकून. सुगंधाबाईंच्या नातीला, प्रमिलाला, पाहायला आला होता. पोहे खाऊन झाल्यावर रुपचंदने, म्हणजे प्रमिलाच्या बापाने, रीतीप्रमाणे विचारलं, छंद काय. या प्रश्नाला मुलांनी 'वाचन' म्हणायचं असतं. कोणी काय वाचता म्हणून विचारत नाही आणि दोन्ही बाजूंची अब्रू राहते. या पठ्ठ्याने सांगितलं, "संगीत ऐकतो."

"भजनाचं का?" सुगंधाबाईंनी आतल्या दारातून विचारलं.

"नाही आजी. नुसती वाद्यं. परदेशातली. थोडेच सूर असतात, तेच पुन्हा पुन्हा येतात आणि हळूहळू बदलतात."

"हळूहळू म्हंजे किती?"

"वीस-बावीस मिनिटं लागतात."

सुगंधाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. स्वतःची अशी गोष्ट न विचारता सांगणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर पोचलेला. आणि धुळ्याकडचा भोळा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. त्या म्हणाल्या, "धाडून दे बरं. मी ऐकून पाह्यते."

आठ दिवसांत एसटीच्या कंडक्टरबरोबर तीन कॅसेटी आल्या. वर ना नटीचा फोटो, ना देवाचा. पांढरा कागद आणि त्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरं. प्रमिलाने वाचून दाखवलं: "पहिला भाग, बावीस मिनिटं. दुसरा भाग, बावीस मिनिटं."

"अन् गाण्याचं नाव?"

"नाव नाही, आजी."

बोल नाहीत, नाव नाही, गाणाऱ्याचं तोंड नाही. सुगंधाबाईंचा संशय तिथेच पक्का झाला. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती, पण शेतातली केळी कोण्या रात्री कोणी कापली हे त्या घड कापल्याच्या तिरपेपणावरून सांगत. शेजारच्या भिकुबाईंनीही कॅसेट नाकाशी धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्का, गान्याले बोल नसतात असं कधी असतं का? बोल काढून घेतले आहेत याच्यातले. आता कोनी काढले अन् काब्रं काढले, हे पाह्यलं पाह्यजे."

मुलाकडच्यांना आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत हो की नाही कळवायचं होतं. याआधी सुगंधाबाईंनी प्रमिलाची दोन स्थळं परतवून लावली होती. एक जण वडीलधाऱ्यांच्या आधी पाणी प्यायला म्हणून, आणि दुसऱ्याच्या विहिरीचा दोर तीन ठिकाणी गाठ मारलेला निघाला म्हणून. दोन्ही वेळा प्रमिला काही बोलली नव्हती. या वेळी भांडी घासता घासता ती राखेकडे पाहत म्हणाली, "आजी, हा मले पसंत आहे." आणि तीच कढई तिने पुन्हा घासायला घेतली.

झालं, आता तर ऐकणं भागच होतं. पसंत पडलेला माणूस जास्त तपासावा लागतो.

घरातला टू-इन-वन मागच्या लग्नसराईत रिबीन चघळून आजारी पडला होता. त्यामुळे सुगंधाबाई कॅसेटी पदरात बांधून झुलालकडे गेल्या. झुलालचा मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा. गावात, आणि असोद्याकडच्या चार वस्त्यांत, त्याच्या भोंग्याशिवाय कोणाचं लग्न लागत नसे. सकाळचे साडेदहा झाले होते. लाइट नेहमीप्रमाणे गेलेली, पण झुलालचा संच ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, म्हणून दोन भोंगे मारुतीच्या पारावरच्या निंबाला आधीच बांधून झाले होते.

"भोंग्याची वायर काढलेली आहे ना रे?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"काढली, अक्का," झुलाल म्हणाला. हे वाक्य तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला.

बाहेर पोरांचा गलका म्हणून त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. पहिली कॅसेट लागली. कोणीतरी पेटीसारख्या वाद्यावर एका बोटाने टिंग टिंग केलं, थांबलं, परत तेवढंच केलं. दोन मिनिटं झाली तरी तेवढंच. झुलालने टेप बंद केला, कापसाला कोलनवॉटर लावून हेड पुसलं, पेन्सिल घालून रिबीन ताठ केली, कॅसेटचे स्क्रू उघडून पुन्हा बसवले. वाजवलं तर टिंग टिंग. मग तो हिरमुसला. वीस वर्षांत त्याच्या मशीनवर अटकलेली कॅसेट अटकलेलीच राहिली, असं झालं नव्हतं.

"अटकली नही ती," सुगंधाबाई म्हणाल्या. "ती तशीच आहे. दुसरी लाव."

दुसऱ्या कॅसेटमध्ये टिंग टिंगही नव्हतं. सारंगीच्या जातीची तीन-चार वाद्यं एकेक सूर धरून बसली होती, जणू कोणाची वाट पाहत असावीत. सुगंधाबाईंनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि कान दिले. नवरा गेल्यापासून तीस वर्षं केळीचा बाग त्यांनी असाच राखला होता. ओट्यावर बसून अर्ध्या मैलावरचं विहिरीचं इंजिन ऐकायचं. ठोका जड पडला तर पट्टा सैल झाला, हलका पडला तर विहिरीचं पाणी तुटलं. दिवसभर एकसारखा आवाज ऐकायचा तो त्यातली लबाडी पकडायला. तशाच त्या ऐकत होत्या. हे वाद्य काय लपवतंय ते आज ना उद्या बाहेर येणारच.

बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "झुलाल, कोनी आलं."

"कुठी?" झुलालने दाराकडे पाहिलं.

"दारात नही, त्याच्यात. आतापोत चार होते. पाचवा हळूच येऊन बसला."

झुलालला चारही ऐकू येत नव्हते. त्याने घड्याळ पाहून नुसतं सांगितलं, अकरा मिनिटं झाली.

आता बाहेरचं. भोंग्याची वायर अर्थातच काढलेली नव्हती.

त्या वर्षांत देशातलं कोणी मोठं माणूस गेलं की रेडिओ बाकी सगळं बंद करून नुसतं संथ वाद्य लावत असे. ना बोल, ना ठेका. गावाला ते इतकं पाठ झालं होतं की पुढचं कोणाला सांगावं लागत नसे. निंबावरून तसलंच वाद्य गावभर पसरलं तेव्हा प्रत्येकाला एकदम कळलं की कोणीतरी फार मोठं गेलं. कोण, ते कळायला रेडिओ लावावा, तर सकाळचं प्रसारण संपलेलं आणि दुपारचं सुरू व्हायला पाऊण तास.

निंबा गुरुजींनी शाळा सोडली. सोडण्याआधी फळ्यावर 'थोर नेते' असं लिहिलं, पुढे नावापुरती जागा ठेवली आणि श्रद्धांजलीची चौकट काढली. किराणावाल्याने अर्धं दार ओढलं. केळीच्या ट्रकवर घड चढवणारी माणसं खांद्यावरचे घड खाली ठेवून उभी राहिली. दिल्लीकडे जाणारा माल दिल्लीतलंच कोणी गेल्यावर कसा भरावा, हा प्रश्न होता. ज्याचा ज्या पक्षावर राग, तो त्या पक्षाच्या पुढाऱ्याबद्दल हळहळू लागला. अकराची एसटी आली, ड्रायव्हरने विचारलं, लोकांनी डोळे पुसत मान हलवली, आणि गाडी ती बातमी घेऊन जळगावला गेली.

सरपंच चुडामण आबांनी तिथेच पारावर शोकसभा घेतली. कोण गेलं हे त्यांना माहीत नव्हतं, पण सरपंचाने तसं विचारणं शोभत नाही.

"ते गेले," आबा म्हणाले. "आपल्यातून ते गेले. ते किती मोठे होते, हे मी तुम्हाले काय सांगू. तुमी सगये जानता. गरिबांसाठी त्यांनी जे केलं ते त्यांनीच केलं. त्यांची जागा आता कोन भरनार?"

लोकांनी माना खाली घातल्या. वरून भोंग्यातून एकच लांब सूर येत होता आणि अशी शोकसभा गावात यापूर्वी झाली नाही असं पुढे बरेच जण खासगीत कबूल करत.

पहिली बाजू संपली. दार उघडून सुगंधाबाई बाहेर आल्या, तर सगळं गाव पारापाशी उभं. त्यांनी भिकुबाईंना हळूच विचारलं, "कोन गेलं वं?"

"मोठं मानूस," भिकुबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या.

यापुढे विचारणं म्हणजे एवढं मोठं माणूस आपल्याला माहीत नाही असं दाखवणं. सुगंधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या उभ्या राहिल्या. दोन मिनिटांची शांतता सुरू झाली. एक मिनिट झालं असेल नसेल, तोच आत झुलालने कॅसेट उलटी करून लावली आणि डोक्यावरच्या निंबातून सारंग्या पुन्हा सुरू झाल्या.

सुगंधाबाईंनी वर पाहिलं. मग झुलालच्या दाराकडे पाहिलं. मग आबांकडे, जे डोळे मिटून उभे होते. पदर डोळ्यांवरून काढावा की तोंडावर घ्यावा, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ठरवता आलं नाही. शेवटी त्या पाय न वाजवता आत गेल्या.

"बंद कर."

"आता कसं करू, अक्का?" झुलालने दाराच्या फटीतून बाहेरचं पाहून घेतलं होतं आणि त्याचा घाम थांबत नव्हता. "लोक उभे आहेत."

सूर बावीस मिनिटं चालला आणि गाव बावीस मिनिटं उभं राहिलं, कारण आधी हलायची कोणाची हिंमत नव्हती. मग दुपारचा रेडिओ लागला. आधी जाहिरात, मग कापसाचे भाव, मग एक भलतंच आनंदी गाणं. गावाने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. नंतर सगळे एकदम झुलालच्या दाराकडे वळले.

त्या संध्याकाळी घरात भाऊबंद जमले. चुडामण आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. रुपचंद म्हणाला, "माय, मी धुळ्याले नकार कयवतो. ज्याच्या कॅसेटीनं जिवंत देश मेला, तो जवय काय कामाचा?"

प्रमिला चुलीपाशी होती. तिच्या भाकरीला तव्यावर काळे डाग पडले तरी ती उलटवत नव्हती.

"तू कोन कयवनार?" सुगंधाबाई म्हणाल्या. "या घरातून नकार जाईन तो माह्या तोंडून जाईन. अजून तिसरी कॅसेट ऐकायची आहे."

पण तिसरी कॅसेट ऐकण्याआधीच पोलीस आले. एसटीबरोबर गेलेल्या बातमीने वाटेतली दोन गावं बंद ठेवली होती आणि वर कोणीतरी विचारणा केली होती. जमादारांनी झुलालचा भोंगा आणि तिन्ही कॅसेटी ताब्यात घेतल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चौकीवर बोलावणं आलं. ज्याच्या वस्तू, त्या सुकदेवालाही धुळ्याला निरोप गेला.

चौकीत टेबलावर टेप ठेवलेला. पंच म्हणून गावचे पोलीस पाटील जीवराम आणि चौकीसमोरचा चहावाला पुना बसले होते. पंचनाम्यात कॅसेटमधला मजकूर लिहिणं भाग होतं, म्हणून जमादार सकाळपासून ऐकत होते. कागदावर त्यांनी लिहिलं होतं: 'मिनिट एक, टिंग. मिनिट दोन, टिंग चालू. मिनिट सहा, टिंग चालूच, पंच पुना यांना डुलकी.' जमादार पूर्वी सहा महिने वायरलेसवर होते. त्यांना या टिंगमागे सांकेतिक भाषेचा वास येत नव्हता, असं नाही.

"यात काही संदेश आहे का, बाई?"

"असता तं मी काल्हच काढला असता," सुगंधाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात सुकदेव आला. पहाटेच्या गाडीने आला असावा, शर्टाला खिडकीची धूळ होती. सरकारी नोकराच्या नावावर पोलीस केस म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याने नुसतं म्हणायचं होतं, कॅसेटी माझ्या नाहीत. पांढऱ्या कागदावर नाव तर नव्हतंच. रुपचंदने जमिनीकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कारण त्या याचसाठी आल्या होत्या.

"कोणाच्या आहेत या?" जमादारांनी विचारलं.

"मन्या शेतस," सुकदेव म्हणाला. घाबरून त्याची अहिराणी बाहेर पडली होती. मग त्याने सरकारी मराठी धरली. "माझ्या आहेत, साहेब. मीच वाजवायला पाठवल्या. आजींचा यात दोष नाही."

घाबरलेला माणूस घरच्या बोलीत खोटं बोलू शकत नाही, एवढं सुगंधाबाईंना ठाऊक होतं. पण पुढचं वाक्य त्यांना झोंबलं.

"म्हंजे मले अक्कल नही? तू सांगितलं अन् मी वाजवलं? लिहू नका, जमादार. ऐकायची मले होती. झुलालले मी सांगितलं. हा पोरगा धुळ्यात फायली चाळत बसलेला."

"वायर काढलेली होती," झुलाल म्हणाला.

"आजी, गुन्हा माझ्यावर राहू द्या."

"तुह्यावर काब्रं? गाव माहं, भोंगा माह्या गावचा."

जमादारांनी पेन खाली ठेवलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारे पाहिले होते. ओढून घेणारे पाहिले नव्हते, आणि अशांसाठी छापील फॉर्म नव्हता.

"हे बघा," ते म्हणाले, "घरच्या माणसांनी घरची वस्तू वाजवली आणि चुकून भोंग्यावर गेली, तर मी समज देऊन सोडतो. पण परक्या माणसाची वस्तू परक्या बाईने गावभर लावली, तर ते अफवेत जातं. मग मला केस करावी लागते आणि यांच्या हापिसालाही कळवावं लागतं. तेव्हा सांगा, हा तुमचा कोण?"

रुपचंद आईच्या कानाशी आला. "ओळखीचा म्हन."

"ओळख हे नातं नाही," जमादारांनी ऐकलं होतं. "इथे रकाना आहे. नाते."

खोटं नातं लिहिणं सुगंधाबाईंना जमण्यातलं नव्हतं. खरं काय, ते अजून ठरलं नव्हतं. आणि पोलिसांनी पेच घातला म्हणून नात द्यायची, हे तर सात पिढ्यांत झालं नव्हतं.

सुकदेवच पुढे झाला. "आजी, तुमचा नकार असेल तर माझ्यासाठी खोटं लिहू नका. 'कोणी नाही' असं सांगा. हापिसाचं मी पाहून घेईन."

सुगंधाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. इतका सरळ माणूस असतो का? त्यांचा संशय जागचा हलायला तयार नव्हता.

"मले एक सांग. त्या दुसऱ्या कॅसेटीत, सारंगीच्या, अकरा मिनिटांनी काय होतं?"

सुकदेवचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच गोंधळला. "एक वाद्य वाढतं. पण फार हळू येतं ते. तुम्हाला ऐकू आलं?"

"तुले कधी आलं?"

"मला..." तो घुटमळला. "पहिल्या दोन वेळा नाहीच कळलं. तिसऱ्या खेपेला कळलं. तेही वाटलं भास झाला, म्हणून चौथ्यांदा ऐकलं."

पहिल्याच खेपेला कळलं असं तो म्हणाला असता, तर सुगंधाबाई उठून घरी गेल्या असत्या. जो आपल्या आवडीच्या गोष्टीतही आपलं अज्ञान कबूल करतो आणि खात्री करायला पुन्हा बसतो, त्याची विहीर पाहायची गरज नसते. तरी त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पदर सारखा केला.

"लिहा," त्या जमादारांना म्हणाल्या. "नातजवय."

"लग्न झालंय?"

"व्हायचं आहे."

"मग 'होणारा' लिहितो."

"होनारा-बिनारा काही लिहू नका. पंच बसलेले आहेत अन् शब्द पडला आहे. आमच्यात यालेच झालं म्हनतात."

जमादारांनी लिहिलं. सुगंधाबाईंनी पेन घेऊन सही केली. दुसरीत शिकलेलं एकेक अक्षर ठेवून, प्रत्येकावर रेघ देऊन. तेवढ्या वेळात एक चहा गार झाला. सुकदेव पाया पडायला वाकला, तर त्याला हाताने थांबवून त्या म्हणाल्या, "मंग पड. ते वाद्य चांगलं आहे असं मी म्हनत नही, ध्यानात ठेव. मले अजूनही त्याचा भरोसा नही." मग त्यांनी बाकावर पाहिलं. "जीवरामभाऊ, उठू नका. पुना, तुह्या टपरीवर सुपारी असंन, घेऊन ये."

"बाई, ही पोलीस चौकी आहे," जमादार म्हणाले.

"म्हनून तं. इथी फोडलेली सुपारी कोनी फिरवत नही." त्यांनी बोटं दुमडत मोजलं. "जीवराम, पुना, रुपचंद, झुलाल. चार झाले. पाच लागतात. तुमी बसा, जमादार."

जमादारांनी रजिस्टर मिटलं. डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. मग अशा कामाला उघडं डोकं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा घातली आणि झुलालला सरकायला सांगून ते बाकाच्या टोकाला बसले.